पाक बो आणि न्गुयेन बिन्ह: व्हिएत मिन्हच्या डोंगरांत

उत्तर व्हिएतनाममधल्या काओ बांगला येणारे बहुतेक पर्यटक बान जोक धबधबा बघतात, फोटो काढतात आणि हनोईची परतीची बस धरतात. आम्ही धबधबा शेवटी ठेवला. फ्रेंच सत्तेविरुद्ध कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालच्या व्हिएत मिन्ह या आघाडीचा सशस्त्र लढा ज्या डोंगरांत उभा राहिला, ते आधी बघायचे होते.

हनोईच्या मी दिन्ह बसस्थानकावरून काओ बांग शहरासाठी स्लीपर बस मिळते. सात-आठ तास धरून चाला. रस्ता वळणांचा आहे. गाडी लागत असेल तर गोळी आधीच घ्या.

पाक बो शहरापासून साधारण 50 किलोमीटरवर, चीनच्या सीमेला खेटून आहे. तीस वर्षं परदेशात काढून कम्युनिस्ट नेते हो ची मिन्ह 28 जानेवारी 1941 रोजी इथूनच मायदेशी परतले आणि कोक बो गुहेत राहू लागले. गुहेची वाट अरुंद, दगड ओले, चपला नकोतच. आत लाकडी फळ्यांचं अंथरूण दाखवतात. पाच मिनिटांत अंगाला गारठा जाणवतो, इथे हिवाळा कसा काढला असेल याचा अंदाज येतो. 1979 च्या युद्धात चिनी सैन्याने ही गुहा सुरुंग लावून उडवली होती, त्यामुळे मूळ रूप शोधू नका.

खाली हिरवानिळा ओढा. हो यांनी त्याला लेनिनचं नाव दिलं आणि वरच्या डोंगराला मार्क्सचं. काठावरच्या दगडी टेबलाशी बसून ते सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या इतिहासाचं भाषांतर करत. सगळी गर्दी इथेच असते. तुम्ही मात्र खुओइ नाम ओढ्याकडची झोपडी चुकवू नका. ती पुन्हा बांधलेली आहे, पण मे 1941 मध्ये इंडोचायना कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीची आठवी बैठक तिथे झाली. 1930 चा न्गे-तिन्हचा शेतकरी उठाव आणि 1940 चा बाक सोनचा उठाव, दोन्ही फ्रेंचांनी चिरडले होते. या बैठकीत जमीन-क्रांती (जमीनदारांच्या जमिनी काढून शेतकऱ्यांना वाटणं) मागे ठेवून आधी स्वातंत्र्य असं ठरलं, आणि व्हिएत मिन्ह स्थापन झाली. आता देशभक्त जमीनदारालाही सोबत घेता येणार होतं. माझ्या मते लढ्याला कलाटणी मिळाली ती इथे. गुहेचं कौतुक जरा जास्तच होतं.

लढा टिकण्याचं दुसरं कारण म्हणजे डोंगरात राहणारे ताय आणि नुंग जमातींचे लोक. निरोप पोचवणं, धान्य देणं, लपवणं, सगळं त्यांच्या जिवावर चाललं. पाक बोच्या वाटेवर किम दोंगचं स्मारक लागतं. हा नुंग मुलगा निरोप्याचं काम करायचा. 1943 मध्ये गोळी लागून गेला. गाडीवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर सरळ पुढे नेतो.

न्गुयेन बिन्ह वेगळ्या दिशेला आहे, त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. तिथल्या त्रान हुंग दाव जंगलात 22 डिसेंबर 1944 ला व्हो न्गुयेन झ्याप (पुढे व्हिएतनामचे नामवंत सेनापती) यांनी व्हिएतनामी सैन्याची 34 जणांची पहिली तुकडी उभारली. त्यात तीन स्त्रिया होत्या. हत्यारांत जुन्या ठासणीच्या बंदुकाही होत्या. तीनच दिवसांनी त्यांनी फ्रेंच सरकारच्या शिपायांचे कपडे घालून फाय खात चौकी घेतली आणि दुसऱ्या दिवशी ना न्गान. आपल्याला लगेच गनिमी कावा आठवतो, आणि शिवरायांपासून व्हिएतनामने प्रेरणा घेतल्याचे फॉरवर्डही. पण या जंगलाला नाव आहे ते तेराव्या शतकात मंगोलांना हरवणाऱ्या त्रान हुंग दाव यांचं. गनिमी युद्धाचे धडे व्हिएतनामींना घरच्या इतिहासातच मिळत होते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. पावसाळ्यात डोंगर खरोखर धोक्याचा असतो. सप्टेंबर 2024 मध्ये यागी वादळानंतर न्गुयेन बिन्हमध्येच दरड कोसळून एक बस वाहून गेली. जानेवारीत जाड स्वेटर लागेल. ई-व्हिसा घरबसल्या निघतो, पण सीमाभाग असल्याने मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. गावांत रोख डोंग (व्हिएतनामी चलन) लागतात. घाटात दुचाकी चालवायची सवय नसेल तर चालकासह गाडी ठरवा, चौघांत परवडते.

शाकाहारी मंडळींनी 'मांस, मासे, हाडांचं पाणी नको' असं व्हिएतनामी भाषेत फोनवर लिहून ठेवावं. काओ बांगचा बान्ह कुओन (तांदळाच्या पिठाची वाफवलेली गुंडाळी) मऊ आणि चविष्ट, पण सोबतचा रस्सा हाडांचाच असतो. शेंगदाण्याचे लाडू आणि थेपले बरोबर असू द्या, बसमध्येही कामी येतात.