सोलर ग्लायडर, भाग ४: ४१ वॉटवरून ३३ वर

मंडळी, रिमोटने उडवायच्या माझ्या मॉडेल ग्लायडरच्या विंगवर सोलर सेल चिकटवायला घेतोय एवढं बोलून मी गायब झालो होतो. तर २४ सेल बसले, पण त्यासाठी ३१ लागले. तळलेल्या पापडासारखे मोडतात हो, टॅबिंग वायर (सेल एकमेकांना जोडणारी चपटी तार) लावताना सोल्डरिंग आयर्न जरा जास्त टेकलं की कडेला चीर. सातवा गेला तेव्हा आईने फक्त विचारलं, आता किती राहिलेत रे?

रविवारी सासवडजवळच्या माळावर उडवलं. स्पॅन, म्हणजे पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी, ३.२ मीटर, वजन २ किलोच्या आत. जमिनीवर ठेवलेलं असताना उन्हाने पॅनल तापतं आणि व्होल्टेज पडतं, मला वाटलं एखादा जॉइंट सुटला, पण वर गेल्यावर वाऱ्याने सेल गार झाले नि आकडा सुधारला. खरा धक्का वॉटमीटरने दिला. उंची न वाढवता न घटवता, नुसतं सरळ उडायला ४१ वॉट.

हा आकडा मी का धरून बसलोय त्याचं कारण ॲलन कोकोनी. जीएमच्या इम्पॅक्ट या इलेक्ट्रिक कारचं इलेक्ट्रॉनिक्स बनवणारा इंजिनियर, पुढे त्याच्या एसी प्रोपल्शन कंपनीने टीझीरो कार लॅपटॉपमधल्या १८६५० नावाच्या लिथियम बॅटरी-सेलवर पळवली, आणि तसलेच १२० सेल त्याने सोलाँग नावाच्या ४.७५ मीटर स्पॅनच्या सोलर विमानात घातले. २००५ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात ते ४८ तास १६ मिनिटं हवेत होतं, खाली पायलट आळीपाळीने. (वडील जुझेप्पे कोकोनी, म्हणजे १९५९ मध्ये परग्रहावरचे रेडिओ सिग्नल शोधा म्हणणारे. बाप तारे बघतोय, पोरगा थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा!)

आता हिशोब बघा. सोलाँगच्या बॅटरीत साधारण १२०० वॉट-अवर, सरळ उडायला कमीत कमी ९५ वॉट, म्हणजे साडेबारा तास. जूनची रात्र त्यात कशीबशी बसते. हेच ९५ चे १२० झाले असते तर दहा तासांत बॅटरी संपली असती आणि पहाटेच विमान खाली. पॅनल २२५ वॉटचं होतं, सगळे त्याचंच कौतुक करतात, पण मला विचाराल तर खरी कमाल त्या ९५ ची आहे.

म्हणून मी पॅनलला हातच लावला नाही. एलेरॉनच्या (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांच्या) फटी टेपने बुजवल्या, सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, ६ मिलिमीटर मागे नेला, आणि छोटा भन्नाट फिरणारा प्रॉप (पंखा) काढून मोठा संथ फिरणारा फोल्डिंग प्रॉप लावला, त्यासाठी कमी केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला कमी फेरे घेणारी, मोटर घ्यावी लागली, खिशाला बसली चाट. पण आता ३३ वॉट! सगळ्यात जास्त फरक प्रॉपनेच पडला, फटींचा मला वाटला होता तेवढा नाही.

माझी बॅटरी फक्त ६५ वॉट-अवरची, ऊन गेलं की दोन तासांत खेळ खल्लास, त्यामुळे रात्रीचं नावच काढत नाही. टार्गेट सहा तास. पुढच्या रविवारी एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वॉट काढणारं सर्किट) बसवून दहाच्या आत हवेत, डबा बरोबर घेऊन जाणार. मान वर करून करून आखडते, तेव्हा घडीच्या आरामखुर्च्या कुणाकडे असतील तर आणा.