कान वाजतात तेव्हा: तपासणीपासून मशीनपर्यंतचा माझा अनुभव

कान वाजायला लागले की आपल्याकडे पहिला सल्ला तेलाचा मिळतो. लसूण घालून कोमट केलेलं, दोन थेंब, रात्री झोपताना. दुसरा सल्ला, 'उष्णता झालीय, ताक पी'. सोलापूरच्या उन्हात तोही खपून जातो. मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग चालते ठेवणारा माणूस आहे, मागांच्या खडखडाटातच उभं आयुष्य गेलंय. म्हणून तेल आणि ताक दोन्ही बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. ज्या क्रमाने सगळं झालं त्याच क्रमाने लिहितोय, कारण या दुखण्यात क्रम चुकला की पैसे जातात आणि आवाज तिथंच राहतो.

जाण्याआधी एका कागदावर आवाजाची हकिकत लिहून न्यावी. एका कानात की दोन्ही? सतत की येऊन-जाऊन? बारीक शीळ, रातकिड्यांसारखी किर्र, घरघर की ठोके? सोबत चक्कर येते का, ऐकू कमी येतं का? कुठली औषधं चालू आहेत? माझ्या कागदावर होतं: दोन्ही कान, डावा जास्त, बारीक शीळ, सतत, चक्कर नाही. डॉक्टरांनी दोन मिनिटांत निम्म्या शक्यता खोडल्या त्या या उत्तरांवर. शीळ आणि चक्कर एकत्र, ऐकू येणं कमी-जास्त होतंय आणि कान भरल्यासारखा वाटतोय, असं असेल तर मेनिअर या आतल्या कानाच्या आजाराचा विचार होतो. आवाज ठोक्यांचा असेल तर मनगटावर बोटं ठेवून बघा, नाडीशी जुळतोय का. जुळत असेल तर वाट वेगळी: रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि गरज पडली तर मानेतल्या आणि डोक्यातल्या रक्तवाहिन्यांचं स्कॅन. अशा ठोक्यांकडे दुर्लक्ष करू नये.

औषधांचा रकाना लोक रिकामा सोडतात. जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं, कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन, क्विनाईन, मोठ्या डोसातली ॲस्पिरिन, ही कानाला बाधणारी नावं आहेत. हृदयासाठी रोजची ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन चालू असेल तर ती मात्र कानाच्या भीतीने स्वतःहून बंद करू नका.

एक गोष्ट सगळ्यांत आधी सांगायला हवी होती. एका कानाने अचानक, तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत, ऐकू येणं कमी झालं आणि तो कान वाजायला लागला, तर ते आणीबाणीचं काम आहे. 'सर्दीने दडा बसलाय' म्हणून आठवडा काढायचा नाही. घरच्या घरी एक चाचणी होते. तोंड मिटून 'हंऽऽ' असा आवाज काढा. तो बंद वाटणाऱ्या कानात जास्त घुमला तर बहुतेक मळ किंवा पडद्यामागचं पाणी. चांगल्या कानात घुमला तर नस दुखावल्याची शंका धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डॉक्टर ५१२ हर्ट्झचा वाजणारा धातूचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) कपाळावर टेकवून हेच बघतात. नसेचं असेल तर स्टिरॉईड सुरू करतात. पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यातही जितक्या लवकर सुरू होईल तितका फायदा जास्त. मधुमेह असेल तर साखरेवर लक्ष ठेवावं लागतं, किंवा औषध पडद्यातून थेट कानात सोडतात.

माझं तसं नव्हतं, त्यामुळे पहिली पायरी मळाची. डाव्या कानात कडक गोळा होता. चार-पाच दिवस मळ मऊ करणारे थेंब, मग पिचकारी. पिचकारीचं पाणी अंगाच्या तापमानाचं, ३७ अंशांच्या आसपास लागतं. थंड किंवा गरम पाणी गेलं की गरगर फिरायला होतं, कारण तोल सांभाळणारा भाग तिथंच शेजारी आहे. पडद्याला भोक असेल तर पिचकारी चालत नाही, म्हणून तसा इतिहास असल्यास आधी सांगायचं. मळ निघाल्यावर शीळ थोडी कमी झाली, गेली नाही. मळाने बाहेरचे आवाज अडतात आणि आतला उठून दिसतो, एवढाच त्याचा वाटा. अनेकांचं दुखणं मात्र इथंच संपतं. कापसाच्या इअरबडने मळ निघण्याऐवजी आत ठासला जातो हेही तेव्हाच कळतं.

पुढची पायरी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, आणि सगळा निकाल हिच्यावर अवलंबून असल्यामुळे हिच्याबद्दल सविस्तर सांगतो. पाळीवरून सुटून थेट तपासणीला जायचं नाही. मोठ्या आवाजात आठ-बारा तास राहिल्यावर कान तात्पुरते मंदावतात आणि ऑडिओग्राम, म्हणजे या मोजणीचा आलेख, आहे त्यापेक्षा वाईट येतो. निदान १४ ते १६ तास शांततेत गेलेले हवेत. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कारखान्यात पाय ठेवण्याआधी जाणं उत्तम. खोली आवाजबंद असावी. दवाखान्याच्या कोपऱ्यात, बाहेर रिक्षा ऐकू येतायत आणि तपासणी चालू आहे, असं असेल तर दुसरीकडे जावं. सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलला, कान-नाक-घसा विभाग आहे. खासगीत सात रस्ता, होटगी रोडच्या बाजूला डॉक्टर भरपूर आहेत.

हेडफोन लावतात, हातात बटण देतात, २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर बारीक करत नेतात. ऐकू आला की दाबायचं. गंमत अशी, ज्याचा कान वाजतो त्याला ४००० चा सूर आणि स्वतःची शीळ यांतला फरकच कळत नाही, मग तो भलतीकडे बटण दाबत बसतो. तपासणी घेणाऱ्या ऑडिओलॉजिस्टला आधीच सांगा, 'माझे कान वाजतात, तुटक सूर द्या.' पीप-पीप-पीप असा तुटक सूर शिळेतून वेगळा ओळखू येतो. नंतर कानामागच्या हाडावर एक छोटा कंपक लावून पुन्हा तेच करतात. हवेतून कमी आणि हाडातून ठीक ऐकू येत असेल तर दोष पडद्यात किंवा मधल्या कानाच्या हाडांत. दोन्हीकडून सारखंच कमी असेल तर तो आतल्या कानात. मधला कान तपासायला टिंपॅनोमेट्री होते, दोन मिनिटांचं काम, कानात हवेचा हलका दाब येतो एवढंच.

आलेख हातात घ्या आणि स्वतः वाचा, अवघड नाही. उजवा कान लाल गोळे, डावा निळ्या फुल्या. आडवी रेघ जितकी खाली, ऐकणं तितकं कमी. २५ डेसिबलपर्यंत ठीक. माझी डावी रेघ ५०० हर्ट्झला १५ डेसिबल, १००० ला २०, २००० ला ३०, मग ४००० ला एकदम ६० वर कोसळते आणि ८००० ला पुन्हा ४० वर येते. ४००० जवळचा हा खड्डा म्हणजे मोठ्या आवाजाची सही. वयाने ऐकू कमी होतं तेव्हा रेघ ८००० कडे उतरतच जाते, वर येत नाही. मागाचा, डीजेचा, फटाक्याचा मार मात्र आधी ४००० च्या आसपास बसतो.

या खड्ड्यामुळे 'आवाज येतो पण शब्द कळत नाही' असं होतं. स, श, फ, थ हे बारीक आवाज वरच्या सुरांत असतात. बाजारात 'साठ' म्हटलं की मला 'आठ' ऐकू यायचं आणि मी दुकानदाराकडे दोनदा बघायचो.

शीळ कुठून येते? आतल्या कानातल्या गोगलगायीच्या आकाराच्या शंखिकेत सूक्ष्म केसपेशी असतात. मेल्या की माणसात त्या परत उगवत नाहीत. ज्या सुरांच्या पट्ट्यातल्या मेल्या, तिथून नसेवर संदेश कमी येतात आणि मेंदू त्या पट्ट्याचा आवाज वाढवतो. रेडिओचं स्टेशन लागत नसताना व्हॉल्यूम पूर्ण फिरवावा आणि खरखर भरून यावी, तसं. म्हणून शिळेचा सूर बहुधा जिथं खड्डा, तिथंच सापडतो. ऑडिओलॉजिस्टने माझी शीळ मशीनवर जुळवून दाखवली: सूर ४००० च्या आसपास, जोर माझ्या ऐकण्याच्या मर्यादेपेक्षा जेमतेम ६ डेसिबल वर. बहुतेकांचा जोर १० च्या आतच निघतो. रात्रभर जागवणारा आवाज मोजमापात एवढासा असतो हे कळणं हाच उपचाराचा अर्धा पाया, कारण त्रास आवाजाच्या जोरात कमी आणि त्याच्याकडे लागलेल्या लक्षात जास्त आहे. त्या लक्षाचं माप घ्यायला २५ प्रश्नांची एक प्रश्नावली असते. 'हो'ला ४, 'कधी कधी'ला २, 'नाही'ला ०, एकूण १०० पैकी. ३८ ते ५६ म्हणजे मध्यम त्रास. सुरुवातीला आणि काही महिन्यांनी भरली की फरक पडला की नाही ते आकड्यात दिसतं. नुसतं 'बरं वाटतंय का' विचारण्यापेक्षा हे कधीही चांगलं.

एमआरआय सगळ्यांना लागत नाही. माझ्या डाव्या-उजव्यात लागोपाठच्या दोन सुरांवर १५ डेसिबलचा फरक होता, म्हणून सांगितला गेला. एकाच कानात आवाज, किंवा दोन कानांत असा फरक असेल तर नसेवर गाठ नाही ना, एवढं बघायचं असतं. ती क्वचितच निघते. माझी नव्हती. दोन्ही कान सारखे, आवाज दोन्हीकडे सारखा, दुसरी काही तक्रार नाही, अशा माणसाने सरसकट एमआरआयचा आग्रह धरू नये. आणि ते यंत्र भयंकर आवाज करतं, कानात प्लग घातल्याशिवाय आत झोपू नका.

आता गोळ्या. चिठ्ठीवर बीटाहिस्टिन (चक्करेची गोळी), जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, बी-१२ असं बरंच येतं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना जिंको, मेलाटोनिन, झिंक कान वाजण्यासाठी देऊ नका म्हणतात. ब्रिटनच्या नाईस संस्थेने २०२० मध्ये नुसत्या कान वाजण्यासाठी बीटाहिस्टिन देऊ नका असं लिहिलं. चक्कर असेल तर गोष्ट वेगळी, रक्ततपासणीत बी-१२ कमी निघालं तर तेही घ्यावंच. पण शीळ बंद करणारी गोळी आज नाही. जो महिन्याच्या कोर्सवर हमी देतो त्याच्यापासून चार हात लांब.

उपयोगी पडलं ते कानाचं मशीन. खालचे सूर ठीक आणि वरचे गेलेले, अशा कानाला पूर्ण बंद करणारा साचा बसवला तर स्वतःचाच आवाज मडक्यातून आल्यासारखा येतो. उघड्या घुमटीचं, कानामागे बारीक तारेचं मशीन मागा. डिजिटल मशीन साधारण १५-२० हजारांपासून सुरू होऊन लाखावर जातं. महागात जास्त चॅनेल आणि ब्लूटूथ मिळतं, शीळ जास्त कमी होत नाही. विकत घेण्याआधी घरी वापरून बघायला मागावं, आणि ते ऑडिओग्रामवरून लावलंय ना, हे विचारावं. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत घालायचं. फक्त लग्नाला घालणाऱ्याला फायदा होत नाही, कारण मेंदूला ते हरवलेले सूर रोज ऐकू आले तरच तो वाढवलेला आवाज खाली आणतो. याला आठवडे-महिने लागतात.

रात्री मशीन काढलं की शीळ पुढे येते. उन्हाळ्यात पंखा आणि कूलर आपसूक मदत करतात. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, पंखा बंद झाला की तीच शीळ दुप्पट वाटते, आणि लोक म्हणतात थंडीने वाढली. मोबाईलवर पावसाचा आवाज लावा, स्पीकरवर, इअरफोनवर नाही. शीळ पूर्ण झाकेल इतका मोठा नको. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतील पण शीळ अस्पष्ट ऐकू येत राहील, इतका ठेवा. झाकलेल्या आवाजाची सवय मेंदूला होत नाही. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठा, उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवा. झोप, चिडचिड, धडधड आवरत नसेल तर मानसोपचार विभागात जायला लाजू नये. विचार बदलायला शिकवणाऱ्या सीबीटी उपचाराला कान वाजण्यात चांगला पुरावा आहे.

उरला कारखाना. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये ९५ ते १०५ डेसिबल सहज असतात. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं की ८५ च्या वर समजा. कारखान्यांच्या नियमांत ८ तासांना ९० ची मर्यादा आहे, आणि आपल्याकडे पाळी बऱ्याच ठिकाणी १२ तासांची. धोट्याला मारणारा पिकर आणि धक्का झेलणारा बफर झिजले की धोट्याचा ठोका वाढतो, ते वेळेवर बदलले तर कापडालाही बरं आणि कानालाही. कानात सुताचा बोळा कोंबणं हे समाधान आहे, संरक्षण नाही. फोमचा प्लग घ्या. हात स्वच्छ करून तो बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरायचा. पाकिटावर एनआरआर म्हणून आवाज किती डेसिबल कमी होतो तो आकडा असतो, त्यातून ७ वजा करून निम्मे करा, तेवढंच खरं संरक्षण धरा. ३३ चा प्लग म्हणजे १३ डेसिबल, ९८ चं शेड ८५ वर येतं. मिरवणुकीतही तोच खिशात ठेवा. घरी, शांततेत मात्र घालून बसू नका. शांततेत शीळ वाढते आणि कान साध्या आवाजालाही घाबरायला लागतो.

कागदांचं थोडं. आवाजाने येणारा बहिरेपणा कारखाना अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत नोंदणीयोग्य, म्हणजे सरकारला कळवावा लागणारा, आजार होता; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतही तो आहे. कामगार विमा असेल तर नोकरीची वर्षं आणि ऑडिओग्राम जोडून तिथं नोंद करून घ्यावी. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची आशा धरू नका. २०१६ च्या कायद्यात बोलण्याच्या सुरांवर दोन्ही कानांत ६० डेसिबल घट लागते, आणि आमच्यासारख्यांचा खड्डा ४००० ला असतो. ऑडिओग्राम दरवर्षी एकदा, त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर काढा आणि मूळ प्रत स्वतःकडे ठेवा. झेरॉक्समध्ये लाल-निळं दिसत नाही.