टॅबमधलं बिऱ्हाड

पहिल्यांदा झालं तेव्हा मी चक्क ओरडलो. एका पुस्तकाचं बत्तिसावं पान लावत होतो. शेजारी उघडी असलेली एक जुनी फाइल मिटावी म्हणून बोटांनी सवयीनं कंट्रोल-डब्ल्यू दाबलं आणि फाइल राहिली बाजूला, अख्खा प्रोग्रॅमच डोळ्यांसमोरून नाहीसा झाला. ‘सेव्ह करू का?’ एवढंही कुणी विचारलं नाही.

विचारणार कोण? प्रोग्रॅमच्या कानावर काही गेलंच नव्हतं. मी पानं लावतो तो प्रोग्रॅम जुना आणि अवजड. तो राहतो लांबच्या एका दणकट मशीनवर. माझ्या हलक्याफुलक्या लॅपटॉपला तो पेलत नाही. म्हणून ब्राउझर उघडायचा, पत्ता टाकायचा, पासवर्ड द्यायचा, की एका टॅबमध्ये तिकडचा सगळा डेस्कटॉप हजर. बिऱ्हाड थाटलंय खरं, पण घरमालक ब्राउझर. कंट्रोल-डब्ल्यू, कंट्रोल-टी, कंट्रोल-एन ही बटणं त्यानं स्वतःकडे ठेवली आहेत, भाडेकरूंनी हात लावायचा नाही. राग येतो, पण त्याचंही बरोबर आहे. तसं नसतं तर कुठल्याही साइटनं ‘मी नाही बंद होणार जा’ म्हणत टॅबमध्ये ठिय्या दिला असता.

थरथरत्या हातानं पुन्हा पत्ता टाकला. बत्तिसावं पान जसंच्या तसं. अर्धा टाइप केलेला शब्द, त्याच्यापुढे लुकलुकणारा कर्सर. मला हायसं वाटलं, आणि किंचित अपमानही. मी नव्हतो हे त्याच्या गावीही नव्हतं.

यातली गंमत अशी की प्रोग्रॅम माझ्याकडे कधी येतच नाही. येतं ते त्याचं चित्र. या युक्तीचं एक घराणं व्हीएनसीचं, म्हणजे ‘व्हर्च्युअल नेटवर्क कम्प्युटिंग’चं. इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये, ओलिवेटी या इटालियन कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत ते नव्वदच्या दशकात जन्मलं. त्याच गावात, विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागातल्या मंडळींनी 1991 साली कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखून ठेवला होता. जिने उतरून जायचं आणि भांडं रिकामं निघायचं, हे दुःख टाळण्यासाठी. 128 बाय 128 ठिपक्यांचं करड्या रंगाचं चित्र, बस्स. त्या उद्योगातला एक जण पुढे व्हीएनसी घडवणाऱ्यांतही होता, हे वाचल्यापासून मला माझ्या टॅबमध्ये कॉफीचं भांडंच दिसतं. तिकडे काय शिजतंय ते इकडे बसून बघायचं. फक्त आता ढवळताही येतं.

व्हीएनसीची भाषाही किती साधी! ‘या चौकोनात हे ठिपके भर.’ पडद्याचा जेवढा तुकडा बदलला तेवढाच पाठवायचा. पान वर सरकवलं तर चित्र पुन्हा धाडतही नाहीत, ‘तुझ्याकडचाच हा तुकडा उचलून तिथे ठेव’ असा निरोप येतो आणि खाली उघडी पडलेली पट्टी तेवढी नव्यानं येते. ही काटकसर मला फार आवडते. पूर्वी ब्राउझरमध्ये हे बघायला जावा ॲपलेट नावाचा वेगळा छोटा प्रोग्रॅम लागायचा. पुढे ब्राउझरलाच चित्र काढायला कॅनव्हास मिळाला, 2011 मध्ये वेबसॉकेट प्रमाण ठरलं, त्यामुळे संवादाची तार सतत जोडलेली ठेवता येऊ लागली. त्याच सुमारास नोव्हीएनसी आणि ग्वाकामोलेसारखी, तिकडचा पडदा थेट टॅबमध्ये दाखवणारी मंडळी आली. आपल्या मशीनवर काही म्हणजे काही बसवायला नको.

त्रास आहेतच. लाइन मंद असली की चित्र दाबून-चेपून येतं. आधी धुरकट, मग चष्मा पुसून घातल्यासारखं स्वच्छ. मधल्या त्या क्षणात अनुस्वार सगळ्यात आधी बुडतो. एकदा शीर्षकातली ‘खंत’ मला ‘खत’ दिसली. मी तत्परतेनं टिंब दिलं, चित्र निवळलं, आणि एका अक्षरावर दोन टिंबं! माउसचा बाण माझ्याच मशीनवर रंगवला जातो, त्यामुळे तो लगेच पोचतो. त्यानं ओढलेली चौकट मात्र तिकडून चित्र आल्यावरच हलते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. मशीन 5000 किलोमीटरवर असलं तर नुसत्या जाण्यायेण्यात 50 मिलिसेकंद गेले, काम अजून कुणी केलेलंच नाही.

क्लिपबोर्डांचं तर सोवळंच. माझ्याकडे तरी इकडचा मजकूर तिकडच्याला थेट शिवत नाही. मी वापरतो त्या ग्वाकामोलेत कंट्रोल-आल्ट-शिफ्ट दाबलं की कडेनं एक फळी सरकत येते. तिच्यावरच्या चौकटीत मजकूर ठेवायचा, फळी मिटायची, मग तिकडे जाऊन पेस्ट करायचा.

मित्र म्हणतात, एवढं सोसतोस कशाला? आता प्रोग्रॅम स्वतःच ब्राउझरमध्ये राहायला येतात की! येतात. वेबअसेंब्ली, म्हणजे अवजड प्रोग्रॅम ब्राउझरमध्येच वेगानं चालवायची सोय, 2017 पर्यंत चारही मोठ्या ब्राउझरांत पोचली, आणि ऑटोकॅड, फोटोशॉपसारखी जुनीजाणती घराणी तिच्या आधारानं टॅबमध्ये उतरली. ते खरं स्थलांतर, चंबूगबाळ्यासकट. पण तिथे टॅबच्या फुलीवर क्लिक केलं की चालू हिशेब तिथल्या तिथे थांबतो. माझ्याकडे फुली मारली तर मी जातो, काम चालू राहतं.

याची मला आता चटकच लागली आहे. परवा रात्री 300 पानांची पीडीएफ करायला लावली आणि मुद्दाम, ऐटीत कंट्रोल-डब्ल्यू दाबलं. लॅपटॉप मिटला, झोपलो. सकाळी चहा घेत टॅब उघडला. तिसऱ्या पानावर एक छोटी चौकट उभी होती: ‘एक चित्र सापडत नाही. पुढे जाऊ?’ नऊ तास ती तशीच उभी होती.

मी ‘ओके’वर क्लिक केलं. बाण पोचला. बटण जरा वेळानं दबलं.