मेटानेफ्रिनची टेस्ट आहे? मग आधी आडवं व्हा

चिठ्ठीवर प्लाझ्मा मेटानेफ्रिन (अ‍ॅड्रिनलिनसारख्या हार्मोनपासून शरीरात बनणारा पदार्थ, तो रक्तात मोजतात) लिहिलेला पेशंट सॅम्पल द्यायला आला की मी त्याला आधी कॉटवर झोपवते. लगेच प्रश्न येतो, "अहो मॅडम, नुसतं रक्तच काढायचंय ना?" हो, पण इथे ती २०-३० मिनिटं शांत पडून राहणंच महत्त्वाचं, कारण बसून घेतलेल्या सॅम्पलमध्ये नॉरमेटानेफ्रिन (याच टेस्टमधला मेटानेफ्रिनचा जोडीदार) उगाच वाढलेलं दिसतं आणि चांगला धडधाकट माणूस गाठीच्या भीतीने अर्धा होतो.

गाठ म्हणजे फिओक्रोमोसायटोमा. किडनीच्या वर अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते, तिच्या आतल्या भागात क्वचितच होणारी ही गाठ अ‍ॅड्रिनलिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन रक्तात सोडते आणि तेही बऱ्याचदा मधूनमधून, त्यामुळे अचानक डोकं ठणकतं, घाम फुटतो, छाती धडधडते, बीपी चढतं आणि डॉक्टरांकडे पोचेपर्यंत सगळं नॉर्मल! मग टेन्शन घेऊ नका म्हणून घरी पाठवतात, याचं मला फार वाईट वाटतं. अ‍ॅड्रिनलिन मोजायला गेलं तर दोन झटक्यांच्या मधे ते हातून निसटू शकतं, पण मेटानेफ्रिन गाठीच्या पेशींमध्ये सतत तयार होत असतं, झटका येवो न येवो. म्हणून ही टेस्ट नीट घेतली आणि नॉर्मल आली तर गाठ नसण्याची खात्री बरीच देता येते.

रिपोर्ट थोडासा वाढलेला असेल तर लगेच घाबरू नका. डिप्रेशनच्या काही गोळ्या, सर्दीत नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, काही पद्धतींत तर साधं पॅरासिटामॉलसुद्धा आकडा बिघडवतं. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सांगा, पण मनाने बंद करू नका, ते डॉक्टर ठरवतील. वरच्या मर्यादेच्या तिप्पट-चौपट आकडा आला तर मात्र गोष्ट वेगळी, मग सीटी किंवा एमआरआय करून गाठ कुठे आहे ते शोधतात.

काहींना हेच मोजायला २४ तासांची लघवी सांगतात. सकाळची पहिली टाकून द्यायची, तिथून घड्याळ सुरू, मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची प्रत्येक वेळची कॅनमध्ये, ती शेवटची सकाळचीही. कॅनच्या तळाशी थोडं अ‍ॅसिड असतं ते पाणी समजून ओतून देऊ नका, आणि थेट कॅनमध्ये लघवी करू नका, मगमध्ये घेऊन हळू ओता.

गाठ निघालीच तर जीन टेस्टबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा, कारण साधारण तीनातल्या एका पेशंटमध्ये हे आनुवंशिक असतं, आणि मग भावंडांची, मुलांचीही तपासणी वेळेत होते.