फारशी फारशी येत नाही

सकाळी एक नमुना उपाशीपोटी देऊन झाला होता, दुसरा जेवणानंतर बरोबर दोन तासांनी द्यायचा होता. घरी थांबले असते तर झोप लागली असती, म्हणून पाऊण तास आधीच लॅबमध्ये जाऊन बसले. अशा ठिकाणी वाचायला फक्त भिंती असतात. समोरच्या पाटीवर लिहिलं होतं, 'उपाशीपोटी करावयाच्या तपासण्यांसाठी नाश्ता न करता यावे.' मी ते दोनदा वाचलं आणि मला हसू फुटलं. शेजारी बसलेल्या आजोबांनी आधी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाटीत शुद्धलेखनाची चूकसुद्धा नव्हती.

फारसीत 'नाश्ता' म्हणजेच उपाशीपोटी. सकाळपासून पोटात काही गेलेलं नाही, अशी अवस्था. तिकडच्या लॅबमध्ये पेशंटला 'नाश्ता या' असंच सांगतात. शब्द तिकडून निघाला तेव्हा उपाशी होता, वाटेत कुठेतरी त्याने खाऊन घेतलं.

हे मी आजोबांना सांगितलं. गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही. ते म्हणाले, "म्हणजे तुम्हाला फारशी येते?"

"फारशी येत नाही," मी म्हणाले.

या वाक्यावर मी गेली कित्येक वर्षं एकटीच खूश होत आलेय. समोरच्याला त्यातला कुठला अर्थ लागतो ते त्याचं त्याला माहीत. दोन्ही खरे आहेत.

विद्यापीठात मी खरं तर जर्मनसाठी नाव घालायला गेले होते. जर्मनच्या खिडकीसमोर रांग जिन्यापर्यंत. शेजारच्या खिडकीवर 'फारसी, प्राथमिक प्रमाणपत्र' असा कागद चिकटवलेला आणि समोर चिटपाखरू नाही. आतला माणूस इतका एकटा दिसत होता की मला कसंतरीच झालं. दयेपोटी भाषा शिकायला घेतलेली मी बहुधा पहिलीच असेन. वर्गात आम्ही नऊ जण होतो. तिघे इतिहासवाले, त्यांना जुने कागद वाचायचे होते. एक गझलवेडा. एका मुलीला नुसतं संध्याकाळी घरी जायचं नव्हतं. बाकीचे असेच, माझ्यासारखे.

वही उलटीकडून उघडायची, हा पहिला धडा. उलटी म्हणजे आपली उलटी. त्या वहीचं मी नाव घातलं तेही सवयीने चुकीच्या पुठ्ठ्यावर, त्यामुळे ती शेवटपर्यंत दोन्ही बाजूंनी सुरू झाल्यासारखी दिसायची. अक्षरं बत्तीस. अरबीची अठ्ठावीस आणि प, च, ग आणि झे ही चार घरची. बे, पे, ते, से ही सगळी एकच होडी, फक्त ठिपके वरती की खालती आणि किती, एवढाच फरक. ज चार. चौघांचाही उच्चार एकच, जीवातला नव्हे, जहाजातला ज. मग चार कशाला, असं विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, "अरबीत ते वेगवेगळे आहेत. आपल्याकडे आल्यावर एकसारखे झाले, पण घरातल्या माणसांना असं काढून टाकता येतं का?" सात अक्षरं अशी की मागच्याचा हात धरतात पण पुढच्याला हात देत नाहीत. अलेफ, दाल, रे, वाव वगैरे. अशा स्वभावाची माणसं माझ्या चांगल्या ओळखीची आहेत, त्यामुळे ही अक्षरं मला लगेच पाठ झाली.

पण मी या भाषेच्या खरी प्रेमात पडले ती ऱ्हस्व-दीर्घामुळे. शाळेत माझे निम्मे गुण वेलांट्यांनी खाल्लेत. निबंध वहीभर आणि त्यावर लाल गोल, जणू गोवर उठलेला. 'पहिली की दुसरी?' हा प्रश्न मला अजून स्वप्नात पडतो. आणि इथे मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ऱ्हस्व स्वर लिहायचे नाहीत." नाहीतच! दीर्घ तेवढे लिहायचे, ऱ्हस्व वाचणाऱ्याने समजून घ्यायचे. मला वाटलं, इतकी वर्षं मी चुकीच्या भाषेत शुद्धलेखन लिहीत होते.

आनंद आठवडाभर टिकला. लिहायला सोपं म्हणजे वाचायला अवघड, हे पुढे कळलं. क, र, म अशी तीन अक्षरं समोर आली तर ते 'केर्म' म्हणजे किडा असू शकतं, 'करम' म्हणजे औदार्य असू शकतं, आणि तोंडाला लावायचं 'केरेम'ही असू शकतं. शब्द आधी माहीत असला तरच वाचता येतो. आणि माहीत कसा होणार? वाचून. गझलवेड्याने या मुद्द्यावर मॅडमशी बराच वाद घातला. मॅडम म्हणाल्या, "सवयीने येतं." भाषेच्या शिक्षकांकडे शेवटी हेच एक उत्तर असतं.

लिंग नाही, ही आणखी एक सुटका. तो, ती, दोघांनाही 'ऊ'. आपल्याकडे टेबल ते, खुर्ची ती, पंखा तो, आणि नवीन वस्तू घरात आली की तिचं बारसं करण्याआधी लिंग ठरवत बसायचं. तिकडे प्रेयसीबद्दल आहे की प्रियकराबद्दल, तेही वाक्यावरून कळत नाही. गझलवेडा म्हणाला, मग गंमत काय? मला उलट त्यातच सगळी गंमत वाटली.

पहिल्या धड्यात 'ईन चीस्त?' होतं. हे काय आहे? 'ईन केताब अस्त.' हे पुस्तक आहे. 'अस्त' ऐकून संस्कृत घेतलेल्यांनी मान डोलावली. 'चीज' म्हणजे वस्तू, नुसती कुठलीही वस्तू. आपण मात्र कष्टांचं चीज व्हावं म्हणून जन्म घालवतो. मग दर तासाला कुणी ना कुणी ओळखीचं निघायला लागलं, पण लांबच्या लग्नात भेटलेल्या नातेवाइकासारखं, चेहरा तोच आणि धंदा भलताच. 'बाजू' तिकडे दंड. 'फर्याद' म्हणजे आरोळी, आपण तिचे कागद करून कोर्टात नेली. 'गोलाब' म्हणजे गुलाबपाणी, फूल नाहीच. 'दारू' म्हणजे औषध, आणि औषधाच्या दुकानावर ठळक अक्षरांत 'दारूखाने' लिहिलेलं असतं, हे सांगितल्यावर इतिहासवाल्यांपैकी एकाने पुढचे दोन तास वहीत दुसरं काही लिहिलं नाही.

माझी सवय वाईट. मी कोश चाळत बसायचे. माधव जूलियनांनी, म्हणजे माधवराव पटवर्धनांनी, १९२५ साली केलेला फार्शी-मराठी कोश ग्रंथालयात होता. ते स्वतः फारसी शिकवत आणि पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. आधी घरातले सगळे पाहुणे नीट मोजून घेतले आणि मग त्यांना दार दाखवलं, असं काहीतरी. मला हा विरोधाभास वाटत नाही. घर आवरायला काढणाऱ्यालाच कुठे काय आहे ते माहीत असावं लागतं. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला तेव्हाही कारभारातले फारसी शब्द आधी गोळा करावेच लागले असणार. १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पेशवा मुख्य प्रधान झाला, डबीर सुमंत झाला, सुरनीस सचिव झाला. पुढे लोकांच्या तोंडी राहिला तो पेशवाच. 'पीश' म्हणजे पुढे. पुढचा तो पुढेच राहिला, त्याला काय करणार.

मॅडमनी 'नेवेश्तन' हे क्रियापद फळ्यावर चालवलं त्या दिवशी तर मी तासभर वर्गात नव्हतेच. लिहिणे. 'मीनेवीसम', मी लिहिते. त्यातला 'नेवीस' ऐकला आणि मी थेट सहावी ब मध्ये. हजेरी चालू आहे. बाई चष्म्यावरून बघत आडनावं वाचताहेत. चिटणीस. हजर. डबीर. हजर. पारसनीस. पारसनीस! तो कधीच हजर नसायचा. फडणीस. हजर बाई. आमच्या वर्गात तेव्हा एवढे लिहिणारे बसले होते आणि गृहपाठ एकाचाही पुरा नसायचा. चिठ्ठ्या लिहिणारा, याद्या लिहिणारा, आणि तो पारसनीस तर साक्षात फारसी लिहिणारा, ज्याला मराठीत जेमतेम पस्तीस पडायचे. डबीरच्या नावाचा माणूस आज इराणात माध्यमिक शाळेत शिकवतो आणि शाळेला 'दबीरेस्तान' म्हणतात. आमचा डबीर बाकावर उभा असायचा.

त्याच बाई फार क्वचित 'शाबास' म्हणायच्या. वर्षातून दोनदा, आणि त्यातलं एकदा तपासनीस आले असताना. (तपासनीस! बघा, सुटका नाही.) शाबास म्हणजे 'चांगलं केलंस' असं मी चाळीस वर्षं धरून चालले होते. कोशात पाहिलं तर ते 'शाद बाश'. आनंदात राहा. कामाबद्दल त्यात अक्षर नाही. बाईंना हे माहीत असतं तर त्यांनी तो शब्द इतका जपून वापरला असता का, कोण जाणे.

'बाश' म्हणजे 'अस', 'राहा'. त्याच्याच नकारात 'नबाशीद'. तो आम्हाला मॅडमनी व्याकरण म्हणून शिकवलाच नाही, रीत म्हणून शिकवला. इराणमध्ये काम करत असलेल्या माणसाला येता-जाता म्हणतात, 'खस्ते नबाशीद.' थकू नका, थकलेले नसा. रस्ता झाडणाऱ्याला, दुकानदाराला, बँकेतल्या बाईला. आणि तास संपताना विद्यार्थी शिक्षकाला. मॅडम पुढे म्हणाल्या की, मुलं ते कधीकधी वेळेच्या आधीच म्हणतात, म्हणजे शिक्षकाने ओळखावं. आम्ही एवढं मात्र पहिल्याच दिवशी अस्खलित शिकलो. साडेसातला तास संपायचा आणि सात वाजून वीस मिनिटांनी नऊ जणांचा कोरस, "खस्ते नबाशीद!"

घरी येताना लक्षात आलं की हा शब्द आपल्याकडे आहे. 'खस्ता.'

आजी म्हणायची, "या घरासाठी मी खस्ता खाल्ल्यात." नेहमी नाही, पण म्हणायची तेव्हा सगळे खाली बघायचे. मी लहान होते. खाल्ल्यात म्हणजे खायची वस्तू असणार, आणि घरातल्या बाकी सगळ्यांना ती ठाऊक दिसते, मलाच कुणी दिलेली नाही, असा माझा समज. एकदा तिला विचारलं, "आजी, खस्ता कशा लागतात?" ती पातळाच्या ओच्याला हात पुसत होती, ती थांबली. मग इतकी हसली की तिला ठसका लागला. "नको गं बाई," म्हणाली, "तुला नाही द्यायच्या." मी रुसले. फडताळातले सगळे डबे उघडून पाहिले.

'खस्ते' म्हणजे थकलेला, जुन्या अर्थाने जखमी. आम्ही तेवढाच शब्द उचलला. 'नबाशीद' तिकडेच राहिलं. पहाटे पाचला उठणाऱ्या त्या बाईला आयुष्यात कुणी, येता-जाता, थकू नका म्हटल्याचं मला आठवत नाही. आम्ही तर म्हटलं नाहीच. चहा झाला का, एवढं विचारायचो.

परीक्षेत मला बरे गुण पडले आणि पुढच्या वर्षाला मी नाव घातलं नाही. क्रियापदं गेली. अंक दहापर्यंत येतात, सातला अडखळत नाही कारण 'हफ्त'वरून आपला हप्ता आठवतो आणि हप्ता विसरून चालत नाही. चार जांपैकी कुठला कुठे, ते विचारू नका.

"चला," आतून हाक आली. टोचणारी मुलगी विशीतली असेल. सकाळी सातला मी आले तेव्हाही हीच होती. केस सुटून कपाळावर आलेले. रबरी पट्टा बांधत म्हणाली, "मूठ आवळा." मी आवळली. तिकडे आभार मानायचा आणखी एक प्रकार आहे, तो मला तेव्हा नेमका आठवला. 'दस्ते शोमा दर्द नकुनद.' तुमचा हात न दुखो. वाक्य जुळवेपर्यंत सुई आत जाऊन बाहेरही आली होती. तिने कापूस दाबला.

"हात दुखत नाही ना?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "तुझा?"

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग दाराकडे बघून म्हणाली, "पुढचे कोण?"