पुरात बुडालेली गाडी: आधी प्लग काढा, बटण नंतर

22 जुलै 2021. चिपळुणात वाशिष्ठी आणि शिव, दोन्ही नद्या बाजारपेठेत शिरल्या. घाटमाथ्यावर रात्रभर पाऊस कोसळत होता, पौर्णिमा दोन दिवसांवर आल्याने दाभोळच्या खाडीचं उधाण चढत होतं. कोयनेच्या वीजघरांतून वीज तयार झाल्यावर सोडलेलं पाणीही शेवटी वाशिष्ठीतच उतरतं. खाडी भरतीला असली की नदीचं पाणी तुंबतं आणि गावात पसरतं. 2005 चा पूर पाहिलेल्यांनी त्याच खुणेच्या हिशेबाने दुचाकी गाड्या ओट्यावर चढवून ठेवल्या होत्या. पाणी त्या खुणेच्याही वर गेलं.

पाणी ओसरल्यावर गॅरेजपुढे ढकलत आणलेल्या गाड्यांची रांग लागली. जो तो एकच म्हणे, "मिस्त्री, एकदा बटण मारून बघा, कदाचित होईल चालू." आमचं पहिलं काम तेच थांबवायचं होतं. बुडालेली गाडी पाण्याने सहसा कायमची खराब होत नाही, घाईने मारलेल्या स्टार्टरने होते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. मग थोडक्यात सुटणारं काम थेट इंजिन खोलण्यावर जातं.

म्हणून क्रम ठरलेला. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची. मग धुणं, तेही चिखल ओला असतानाच, एअर फिल्टर आणि सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबून. गाळ एकदा वाळला की फिन्समधून (इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांमधून) आणि कपलरमधून (वायरींच्या जोडांमधून) खरवडूनही निघत नाही. मग स्पार्क प्लग काढून किक मारायची. प्लगच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडते, म्हणून तोंड बाजूला ठेवायचं. पाणी येणं थांबलं की सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडून पुन्हा हळूहळू किक. हे पहिल्या दोन दिवसांत झालं नाही तर सिलिंडरला गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा चिकटतात. रांग मोठी असेल तर आधी सगळ्या गाड्यांचं एवढंच उरकावं. बाकी काम त्यानंतर.

मग ऑइल. ड्रेन बोल्ट सैल केला की आधी नुसतं पाणी येतं, कारण ते तळाशी बसलेलं असतं. मागून दुधाळ चहासारखं ऑइल. एकदा बदलून भागत नाही. सव्वाशे सीसीपर्यंतच्या गाडीला साधारण लिटरभर किंवा त्याहून कमी ऑइल लागतं. पहिल्या खेपेला स्वस्तातलं भरून, प्लग काढलेला ठेवूनच किका मारून सोडून द्यायचं. दुसऱ्या खेपेला गाडी पाच-दहा मिनिटं आयडलवर चालवून पुन्हा सोडायचं. रंग स्वच्छ आला तरच तिसऱ्यांदा चांगलं ऑइल. स्कूटरचं गिअर ऑइल वेगळं असतं, ते बरेच जण विसरतात. बेल्टचं कव्हरही उघडावंच लागतं, आत गाळ राहिला तर बेल्ट घसरतो आणि क्लच जळतो.

टाकीतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून बघावं. पाणी खाली, पेट्रोल वर, मधली रेघ स्पष्ट दिसते. पण वरचं पेट्रोल वाचवायच्या फंदात पडू नये. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाण्यात उतरतं. सगळंच टाकावं.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांनी जास्त वेळ खाल्ला. जुन्या गाडीचा कार्बोरेटर सोडून वाळवता येतो, इथे टाकीतला पंप, सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर. एकेक कपलर सोडून आत हवा मारायची. गावात वीज नव्हती, कॉम्प्रेसर बंद, तेव्हा सायकलच्या पायपंपाने हवा मारली. वेळ लागला, पण पिना कोरड्या झाल्या. कपलर ओला असताना बॅटरी जोडली की पिना हिरव्या पडतात आणि महिन्याभराने गाडी चालता चालता बंद पडते.

ब्रेकचे ड्रम त्याच वेळी उघडावेत. आतला गाळ ब्रेकचं लायनर खातो, आणि ओल्या ड्रमवर ब्रेक नीट लागत नाही. चाकांची बेअरिंगं आणि हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं) मात्र लगेच बोलत नाहीत. गणपती उरकल्यावर लोक सांगत येतात, हँडल जड झालंय, पुढून कुईकुई येतंय. तेव्हा गोळ्या गंजलेल्या असतात, सेटच बदलावा लागतो. पूर उतरल्यावरच ग्रीस बदललं तर हा खर्च बहुतेक वेळा वाचतो.

विम्याबद्दल थोडं. नुसता थर्ड पार्टी असेल तर पुराचं काही मिळत नाही. फुल इन्शुरन्स असेल तर धुण्याआधी, चिखलाची रेघ दिसेल असा फोटो नंबरप्लेटसह काढून कंपनीला कळवावं. सर्व्हेअर यायला वेळ लागणार असेल तर प्लग काढण्याची आणि ऑइल सोडण्याची परवानगी मेसेजवर लेखी मागून घ्यावी. पाण्यात असताना किंवा नंतर स्टार्टर मारल्याचं दिसलं तर इंजिनाचा क्लेम नाकारला जाऊ शकतो, आणि वाकलेला रॉड ते लगेच दाखवून देतो.