पहिली फेरी, हत्ती-प्याद्याचा शेवट

शनिवार, कुडाळ

बुद्धिबळ स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत १६५० रेटिंगच्या पोरानं १८५०वाल्याला हरवलं. हॉलबाहेर पालकांची कुजबुज एकच, नशीब! नशीब कसलं? २०० गुणांच्या फरकाला फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) तक्त्यात खालच्याचा अपेक्षित गुण ०.२४ आहे (जिंकल्यास १, बरोबरीला ०.५). पोर अठराच्या आतलं, त्याचा के (अपेक्षेपेक्षा जास्त-कमी मिळालेल्या गुणाला गुणायचा आकडा) ४०, म्हणून ३०.४ गुण कमावले. समोरच्याचा के २०, त्याचे १५.२ गेले. नुसती बरोबरी झाली असती तरी या वरच्याचे ५.२ जाणारच होते. म्हणून तर मधल्या डावात पोरानं बरोबरी देऊ केली तेव्हा गड्यानं नकारार्थी मान हलवली. वरच्या रेटिंगचं हे ओझं असतंच.

शेवट असा. पांढऱ्याकडे, म्हणजे पोराकडे, राजा, हत्ती आणि ई५वर (ई पट्टीत, पाचव्या ओळीत) प्यादं. काळ्याकडे राजा ई८वर, हत्ती आणि घड्याळात जेमतेम दोन मिनिटं (डावाला प्रत्येकी ९० मिनिटं, वर चालीला ३० सेकंद). ही फिलिडॉरची, म्हणजे त्या जुन्या उस्तादाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या बचावाची, सरळ बरोबरी. हत्ती सहाव्या ओळीत आडवा ठेवायचा, पांढऱ्या राजाला तिथे पाय ठेवू द्यायचा नाही. प्यादं ई६वर सरकलं की मगच हत्ती पार पहिल्या ओळीत नेऊन मागून शह. मग पांढऱ्या राजाला लपायला जागाच नाही.

पण काळ्यानं हत्ती आठव्या ओळीत राजाशेजारी नेऊन बसवला. प्यादं ए, बी, जी किंवा एच पट्टीत असतं तर चाललं असतं. मधल्या चार पट्ट्यांत नाही चालत, तिथे पांढरा हत्ती प्याद्याच्या दोन्ही अंगांनी फिरतो.

पुढे पांढरा राजा ई८, प्यादं ई७, हत्ती जी१. काळा राजा जी पट्टीतल्या हत्तीमुळे एच७वर तुटलेला, काळा हत्ती डी२. इथे घाईनं राजा बाहेर काढला की शहांना अंत नाही. पोरानं आधी हत्ती जी४वर आणला. मग राजा एफ७, ई६, एफ६, ई५, प्रत्येक पावलाला मागून शह. शेवटच्या शहाला हत्ती ई४वर आडवा. लुसेनाचा पूल, म्हणजे हत्ती आडवा घालून शह थांबवायची नावाजलेली रीत, अगदी पाठ केल्यासारखा. काळ्यानं तिथेच हार मानून हात पुढे केला. दमट हवेनं मऊ पडलेल्या स्कोअरशीटवर सही करताना पेन दोनदा अडलं.

दुसऱ्या फेरीत पोराला काळी मोहरी आणि बहुधा आणखी वरच्या क्रमांकाचा पट.